टॉलपडलचे नाव व्हिक्टोरिया राणीमुळे पडलेले नाही

इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट काउंटीत टॉलपडल नावाचे काही शे वस्तीचे एक गाव आहे. त्याच्याविषयीचा एक मजकूर, विशेषतः १ मे जवळ आला की, हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की, गावाचे मूळ नाव ‘टॉलपिडल’ होते. ‘पिडल’चा बोलीतला अर्थ लघवी करणे असा असल्यामुळे, व्हिक्टोरिया राणी भेटीला आली तेव्हा तिला संकोच वाटू नये म्हणून ते ‘टॉलपडल’ करण्यात आले. नावातला ‘टॉल’ म्हणजे पूर्वी तेथे वसूल होणारा टोल. याच गावात सहा शेतमजुरांनी एका झाडाखाली शपथ घेऊन जगातील पहिली कामगार संघटना स्थापन केली. संघटना करणे तेव्हा गुन्हा होता, म्हणून त्यांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर धाडले आणि तेथेच ते हुतात्मा झाले. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात त्या मजुरांविषयी आदरच असतो, हे मला मान्य आहे. परंतु यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे, आणि या चुकांमुळे गावाच्या नावातली खरी स्त्री आणि त्या मजुरांवर झालेला खरा अन्याय हे दोन्ही झाकले जातात.

राणीची गोष्ट कालगणनेतच टिकत नाही. व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा आणि ती गादीवर आली १८३७ मध्ये. या मजुरांवरचा खटला डॉर्चेस्टरच्या न्यायालयात चालला तो मार्च १८३४ मध्ये, आणि त्या वेळच्या कागदपत्रांत व वर्तमानपत्रांत गावाचे नाव ‘टॉलपडल’ असेच येते. तेव्हा व्हिक्टोरिया चौदा वर्षांची राजकन्या होती. शिवाय ज्या नदीवरून हे नाव आले, ती नदी आजही नकाशावर ‘पिडल’ म्हणूनच दाखवली जाते, आणि तिच्याच वरच्या अंगाला वसलेली पिडलहिंटन व पिडलट्रेंटहाइड ही गावे आपले ‘पिडल’ आजवर सांभाळून आहेत. राणीच्या संकोचापायी नावे बदलायची होती, तर नदी आणि ही दोन गावे कशी सुटली, याचे उत्तर मजकुरात मिळत नाही. एवढे मात्र खरे की ‘पिडल’चा तो ग्राम्य अर्थ अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ होता, त्यामुळे ‘पडल’ हे रूप काहींना अधिक सभ्य वाटले असणे शक्य आहे. पण लोकांच्या तोंडी एक रूप हळूहळू स्थिरावणे वेगळे आणि कोणा राणीसाठी नाव बदलणे वेगळे.

आता ‘टॉल’विषयी. आपल्या कानाला टोलनाका परिचित असल्यामुळे हा अर्थ चटकन पटतो, पण या नावाचा जकातीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘पिडेले’ म्हणजे पाणथळ, दलदलीची जमीन. हेच नाव नदीला मिळाले आणि नदीकाठच्या वस्त्यांनाही मिळाले. १०८६ मध्ये राजा विल्यमने राज्यातील जमिनींची जी नोंदवही करवून घेतली, त्या डूम्सडे बुकात या खोऱ्यातील निरनिराळ्या मालकांच्या जमिनी ‘पिडेले’ याच एका नावाखाली लागलेल्या दिसतात. एकाच नावाची अनेक गावे असली की आपल्याकडे जसे बुद्रुक, खुर्द किंवा शेजारच्या मोठ्या गावाचे नाव जोडावे लागते, तसे तेथे मालकाचे नाव किंवा जमिनीचे माप जोडले गेले. ॲफपडल हे ॲफा या जमीनधारकाचे, ब्रायंट्सपडल हे ब्रायन द टर्बरव्हिलचे. आणि पिडलट्रेंटहाइड म्हणजे ‘तीस हाइड’ जमिनीचे पिडल, कारण हाइड हे जमिनीच्या आकारणीचे माप होते आणि ‘ट्रेंट’ हा तीससाठीचा फ्रेंच शब्द.

टॉलपडल हे टोलाचे गाव. टोला ही अकराव्या शतकातील स्त्री, ‘एडवर्ड द कन्फेसर’ या राजाच्या पदरी असलेल्या उर्क नावाच्या सरदाराची पत्नी. तिचे नाव डॅनिश वळणाचे आहे. या पती-पत्नीने डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील ॲबट्सबरी येथील मठाला उदार हस्ते दाने दिली, आणि पतीच्या निधनानंतर टोलाने पिडल नदीकाठची आपली ही जमीनही त्याच मठाला दिली. डूम्सडे बुकात ती मठाच्याच नावावर आहे. विधवेने दान दिलेल्या जमिनीवर तिचे नाव साडेनऊशे वर्षे राहावे, ही इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे. त्या नावाचे श्रेय टोलनाक्याला आणि राणीच्या लाजेला देऊन टाकणे मला केवळ माहितीतली चूक वाटत नाही, तो टोलावर अन्याय वाटतो.

संघटनेविषयीचा दावा अधिक गंभीर आहे, कारण तो सरकारची बाजू नकळत सावरतो. ‘संघटना करणे गुन्हा होता’ असे म्हटले की, कायदा कठोर होता आणि न्यायालयाने तो लागू केला, एवढाच अर्थ निघतो. वस्तुस्थिती उलट आहे. कामगारांच्या एकत्र येण्यावर १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी घातलेली बंदी १८२४ मध्ये उठली होती. १८२५ मध्ये काही निर्बंध पुन्हा आले, तरी संघटना स्थापन करणे कायदेशीरच राहिले. संघटना जगातील पहिलीही नव्हती. खाणकामगारांच्या आणि सूतगिरण्यांतील कामगारांच्या संघटना त्यापूर्वीच अस्तित्वात होत्या, आणि टॉलपडलच्या मजुरांना मार्गदर्शन करायला १८३३ मध्ये बाहेरच्या संघटनेचे दोन प्रतिनिधी गावात आले होते.

त्यांची गरज साधी होती. आठवड्याला दहा शिलिंग मजुरी देऊ, असे मालकांनी मान्य केले होते. प्रत्यक्षात ती नऊ, मग आठ, मग सात शिलिंगांवर आणली गेली आणि पुढे सहाच मिळतील असे सांगण्यात आले. तेव्हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रवचनकार असलेल्या जॉर्ज लव्हलेस या शेतमजुराच्या पुढाकाराने शेतमजुरांची परस्परसाहाय्य संस्था उभी राहिली; प्रवेश फी एक शिलिंग आणि आठवड्याची वर्गणी एक पेनी. डिसेंबर १८३३ मध्ये सहांपैकीच एक असलेल्या थॉमस स्टँडफील्डच्या घरात नव्या सभासदांना डोळे बांधून आत आणले गेले, बायबलमधला उतारा वाचला गेला, आणि पट्टी सोडल्यावर त्यांच्यासमोर सांगाड्याचे एक मोठे चित्र होते. मग शपथ झाली. असे विधी त्या काळच्या अनेक मंडळांत होत असत.

स्थानिक जमीनदार आणि दंडाधिकारी जेम्स फ्रॅम्प्टन याने गृहमंत्री लॉर्ड मेलबर्नकडे सल्ला मागितला. संघटनेवर खटला भरता येत नव्हता, म्हणून बोट शपथेवर ठेवले गेले. त्यासाठी वापरलेला कायदा १७९७ चा होता आणि तो नौदलातील बंडांनंतर, बंडखोरांच्या गुप्त शपथा रोखण्यासाठी केलेला होता. इशाऱ्याच्या नोटिसा लागल्या त्या २२ फेब्रुवारी १८३४ या तारखेच्या, आणि सहा जणांना अटक झाली २४ फेब्रुवारीला. म्हणजे शपथ आधीची आणि इशारा अडीच महिन्यांनंतरचा. खटला चालवण्याजोगा आहे की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीचा प्रमुख मेलबर्नचा मेहुणा होता. सहाही जणांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कायद्याने जे करण्याची मुभा होती त्याची शिक्षा देण्यासाठी दुसराच कायदा शोधून काढणे, हा येथला अन्याय आहे, आणि ‘संघटना बेकायदा होती’ या एका वाक्याने तो पुसला जातो.

झाडाविषयी थोडक्यात. गावाच्या हिरवळीवरील सिकॅमोर वृक्ष खरोखरच जुना आहे, वारसा जतन करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेने २००५ मध्ये त्याचे वय काढले तेव्हा तो १६८० च्या सुमाराचा ठरला, आणि मजूर त्याच्या सावलीत जमत असत ही परंपराही जुनी आहे. शपथ मात्र त्याखाली नव्हे, स्टँडफील्डच्या घरात झाली; खटल्यातील साक्षी त्याच घरातल्या प्रसंगाविषयीच्या आहेत.

राहिला ‘हुतात्मा’ हा शब्द. इंग्रजीत त्यांना ‘मार्टर’ म्हणतात आणि मराठीत त्याचे सरळ हुतात्मा होते. पण हुतात्मा चौक ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्यांनी प्राण दिले, आणि मराठी वाचक तोच अर्थ घेतो. टॉलपडलच्या सहापैकी कोणीही या शिक्षेत मरण पावले नाही. त्यांच्यासाठी २१ एप्रिल १८३४ रोजी लंडनमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली, लाखो सह्यांचे अर्ज गेले, आणि १४ मार्च १८३६ रोजी सर्वांना माफी जाहीर झाली. जॉर्ज लव्हलेस १८३७ मध्ये परतला, त्याचा भाऊ जेम्स, स्टँडफील्ड पिता-पुत्र आणि जेम्स ब्राइन १८३८ मध्ये आले. या पाच जणांनी आधी इसेक्समध्ये शेती केली आणि नंतर कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडनच्या परिसरात बस्तान बसवले. त्यांना हुतात्मा म्हणण्यापेक्षा ‘काळ्या पाण्याची शिक्षा भोगलेले’ म्हणणे अधिक नेमके आहे.

सहावा जेम्स हॅमेट. तो १८३९ मध्ये परतला आणि टॉलपडललाच राहिला. शपथेच्या रात्री तो तेथे नव्हता, त्याचा भाऊ होता, आणि भावाला वाचवण्यासाठी तो गप्प राहिला, असे सांगितले जाते. १८७५ मध्ये शेतमजुरांच्या संघटनेने त्याचा सत्कार करून त्याला सोन्याचे घड्याळ दिले, तो सोहळा शेजारच्या ब्रायंट्सपडलला झाला. उतारवयात त्याची दृष्टी गेली. १८९१ मध्ये डॉर्चेस्टरच्या ‘वर्कहाउस’मध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, तो वारला आणि टॉलपडलच्या चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. त्याच्या थडग्यावरचा दगड १९३४ मध्ये एरिक गिल या शिल्पकाराने घडवला असून त्यावर गावाचे नाव टॉलपडल असेच कोरलेले आहे.