बुलेट क्लस्टर आणि केळीवरचा करपा

"नासाच्या एक्स-रे दुर्बिणीने आत्ताच टिपलेली दोन दीर्घिकासमूहांची महाटक्कर! त्यातून सुटलेली 'बुलेट' ताशी कोटी किलोमीटर वेगाने पृथ्वीकडे. तिच्या किरणांनीच केळीवर करपा, फवारणीत पैसा घालू नका. फोटोतला निळा भाग सर्वात विषारी." जळगाव जिल्ह्यातल्या निम्म्या ग्रुपांवर हे फिरतंय. सोबतचा फोटो 'बुलेट क्लस्टर'चा, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन दीर्घिकासमूहांचा (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह). रावेरच्या मामांनी त्यापायी फवारणी थांबवली, म्हणून लिहितोय.

आधी करपा. करपा म्हणजे सिगाटोका, बुरशीचा रोग. पाऊस, दमट हवा आणि दाट बाग मिळाली की तो पसरतो. अवकाशातले एक्स-रे जमिनीपर्यंत येतच नाहीत, वातावरण ते वरच्या वर शोषून घेतं. म्हणून तर नासाची ही एक्स-रे दुर्बीण, 'चंद्रा', १९९९ साली अवकाशात सोडावी लागली. किरण मळ्यात उतरत असते तर ती तापीकाठीच उभी केली असती, खर्च तरी वाचला असता! आणि ते इतके क्षीण की हे चित्र मिळवायला चंद्राला शंभराहून जास्त तास तिकडेच रोखून बसावं लागलं. मामा, रोगट पानं कापून बागेबाहेर टाका आणि कृषी सहाय्यकाला विचारून फवारणी सुरू करा. आजच.

"आत्ताच" हेही खोटं. हे चित्र २००६ चं आहे.

वेगाचं मात्र, कबूल, फार चुकलेलं नाही. 'बुलेट' म्हणजे टकरीत घुसलेला तप्त वायूचा गोळा; त्याच्या पुढे वायूत धक्कालाट उठलीय. तिच्या अलीकडे-पलीकडे वायूची घनता आणि तापमान किती बदलतं, हे एक्स-रेमधून मोजून तिचा वेग काढला. तो सेकंदाला सुमारे ४,७०० किलोमीटर, म्हणजे ताशी दीड कोटीहून जास्त भरला. पण दिशा? टक्कर जवळपास आडवी, आपल्या नजरेच्या रेषेला काटकोनात झालीय. म्हणूनच लाटेची कड एवढी धारदार दिसते. समजा वळली आपल्याकडे, तरी अंतर सुमारे ३८० कोटी प्रकाशवर्षं. त्या वेगाने यायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या पंधरापटीहून जास्त काळ लागेल.

राहिला निळा रंग. रंग माणसांनीच भरलेत, हे खरं. गुलाबी म्हणजे एक्स-रेमध्ये दिसलेला तप्त वायू. निळा म्हणजे मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा गुरुत्वाने किती वाकल्या, यावरून काढलेलं वस्तुमान. डग्लस क्लो आणि सहकाऱ्यांचा २००६ चा शोधनिबंध नेमका यावरच आहे: टकरीत वायू अडखळून मागे राहिला, बहुतेक वस्तुमान दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलं. ते न दिसणारं कृष्णद्रव्य. म्हणजे मेसेजवाल्याने "सर्वात विषारी किरणांचा" म्हणून जो भाग दाखवला, तो एक्स-रेवरून काढलेलाच नाही.