जागतिक नागरिक घडवताना घ्यायची काळजी

मुख्याध्यापक झालात, अभिनंदन. दिंडोरी-निफाडकडची शाळा मिळालीय म्हणजे फेब्रुवारीत एखाद्या समाजसेवी संस्थेचा फोन येणारच: "सर, आम्ही मुलांना जागतिक नागरिकत्व शिकवतो. अगदी विनाशुल्क." गांगरू नका. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि ३१ मार्च कुणासाठी थांबत नाही. पोरांना जगाशी जोडायची घाई ऐन द्राक्षतोडणीतच का सुटते, हे म्हणून विचारू नये. तोडणीला गेलेल्यांच्या जागी पाचवीची पोरं बसवा. संस्थेची टोपी डोक्यावर आली की सगळी सातवीचीच दिसतात.

ते येताना सतरा रंगांच्या चाकाचा फ्लेक्स आणतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरवलेली, २०३० पर्यंत गाठायची सतरा उद्दिष्टं. त्यातल्या चौथ्याच्या सातव्या पोटकलमात आपलं जागतिक नागरिकत्व बसलंय. हा आकडा पाठ करून ठेवा, केंद्रप्रमुखसुद्धा वचकतात. मुलींच्या शौचालयाला पाणी नाही, हे सहाव्या उद्दिष्टात येतं, पण बोलू नका. ‘ते आमच्या प्रोजेक्टमध्ये नाही हो सर,’ असं संस्थेच्या ताई इतक्या गोड सांगतात की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. (मी तीनदा ओशाळलोय.)

खरी काळजी मागच्या बाकाची. ताई नकाशावर नेदरलँडवर बोट ठेवून विचारतील, "हा देश कुणाला माहितीय?" कुणालाच माहीत नसावा, अशी त्यांची तयारी असते. तेवढ्यात एखादं कार्टं उठतं: "तिथं रॉटरडॅम आहे. आमचा माल तिथंच उतरतो." त्याला तिथंच बसवा. नाही तर २०१० सालची कथा सुरू होईल. त्या वर्षी क्लोरमेक्वाट या वेलीवर फवारायच्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं नाकारली होती, आणि ती गोष्ट त्यानं आजोबांकडून शंभरदा ऐकलेली असते. त्याच्या शेजारी सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या घरातलं पोरगं असेल, तर आणखी अवघड. ते विचारतं, "तिकडच्या माणसाच्या पोटात जाणारा मणी लॅबमध्ये तपासतात, मग फवारणाऱ्या माझ्या बापाला का नाही तपासत?" अशा वेळी जोरात टाळ्या वाजवायला लावा आणि रंगपेट्या वाटायला घ्या.

कांदेवाल्यांच्या पोरांना शक्यतो त्या दिवशी सुट्टीच द्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लागली, तेव्हा लासलगावला भाव कसा पडला हे त्यांनी घरात जेवताना ऐकलंय. ‘जग हे एक कुटुंब’ म्हटलं की ती खिदळतात आणि फोटो हलतो.

सुरगाण्याचं ते पोरगं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतं, वर्गात मराठी, नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत काकाकडे गेलं की भय्या लोकांशी हिंदी. संस्थेच्या फॉर्मवर त्याच्या नावापुढे ‘भाषिक अडचण’ लिहायचं असतं. ताईंना हिंदी-इंग्रजीशिवाय काही येत नाही, पण तो रकाना फॉर्ममध्ये नाही.

समतेच्या तासाला उदाहरण मंडेलांचं द्या. ते लांबचे आहेत, चालतात. पंचवटीत २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारापुढे सत्याग्रह सुरू झाला होता आणि वर्षानुवर्षं चालूनही ते दार उघडलं नव्हतं, हा विषय काढू नका. तो स्थानिक पडतो. शिवाय लगेच कुणीतरी विचारतं, दार लावून आत कोण बसलं होतं, आणि शाळा समितीचे अध्यक्ष चहा अर्धा टाकून उठतात.

अहवालात ‘लाभार्थी’ किती लिहायचे, याची चिंता नको, तो आकडा संस्थेकडे आधीच भरलेला असतो. तुम्ही फक्त सही, शिक्का आणि लोकेशनसकट फोटो द्या. फ्लेक्सवर साल छापू नका, एवढं मात्र आधीच बजावून ठेवा. मार्चमध्ये अवकाळी हमखास येतो आणि आपल्या शिपाईमामांचा कांदा उघड्यावर पडलेला असतो. दहा बाय सहाचा फ्लेक्स त्यावर बरोब्बर बसतो. फक्त छापील बाजू खाली करायला सांगा, उन्हानं रंग उडतात. पुढच्या फेब्रुवारीत परत लागेल.