घर बदला म्हणे!

आज पुतण्याला घेऊन डॉक्टरकडे गेले होते. पाच वर्षांचं पोर, दम्याचा पंप ओढल्याशिवाय रात्री झोप नाही. औषधं लिहिता लिहिता डॉक्टर वहिनीला म्हणाले, "जमलं तर घर बदला." तिने नुसती मान डोलावली आणि फाइल पिशवीत कोंबली.

तेव्हापासून डोकं फिरलंय. कुठे बदलायचं घर? गोवंडीत कुणी हौसेने राहतं का? १९२७ पासून मुंबईचा कचरा आमच्या शेजारी देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर येतोय. तेवढ्याने भागलं नाही म्हणून २००९ पासून हॉस्पिटलांचा कचराही इथेच जाळायला घेतला. रक्ताने भिजलेला कापूस, कापून काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. ऑपरेशनं सगळ्या शहराची, धूर आमच्या पोरांच्या छातीत!

संसर्गाचा कचरा कुठेतरी जाळावा लागतो, कळतं मला. इथे डम्पिंगच्या आगी आहेत, शेजारी रिफायनऱ्या आहेत, त्यामुळे कुठल्या धुराने कुठलं पोर आजारी पडलं ते सांगता येत नाही, हेही मान्य. म्हणून सगळेच सुटणार?

भट्टीची आच कमी पडली, त्यात पीव्हीसीसारखं प्लास्टिक गेलं, की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतं, आईच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं, त्याने कॅन्सर होतो. २०१६ च्या नियमांत आच १०५० अंशांच्या आसपास हवी, धूर तिथे दोन सेकंद राहायला हवा, सगळं लिहिलंय. आणि डायॉक्सिनची तपासणी? वर्षातून एकदा! आमचं पोर मात्र रोज श्वास घेतं.

२०२३ मध्ये हायकोर्टाने सांगितलं, दोन वर्षांत प्रकल्प हलवा. जागा रायगड जिल्ह्यातल्या खालापूरकडची. बातमी वाचून आनंद झाला होता, मग तिथल्या गावांचा विचार आला. तिथेही कुणाची तरी वहिनी फाइल घेऊन रांगेत बसणारच ना? ती काय बोलणार डॉक्टरांना? घरभाडं सांगणार की डिपॉझिट?

माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये निम्म्या नर्स आणि वॉर्डातल्या मावश्या आहेत, म्हणून तुम्हालाच सांगते. सलाइनच्या बाटल्या, नळ्या, हातमोजे लाल पिशवीत टाका गं. ड्युटी संपताना घाई असते, ठाऊक आहे. पण पिवळ्या पिशवीत टाकलं की ते प्लास्टिक भट्टीत जातं.