बाबा, ओटीपी आला का?

दिवाळीला ठाण्यात गेलो की राम मारुती रोडवरची गर्दी, फराळ आणि धाकट्या चुलतभावाचा टोमणा ठरलेला. "दादा, तुमच्या जर्मनीत अजून चिल्लर मोजतात म्हणे!" तो ऐरोलीला आयटीत आहे, महिन्यातून तीनदा तरी बंगळुरूला जातो. विमानतळावर डिजियात्राला चेहरा दाखवून आत, रिक्षाला क्यूआर, हॉटेलचं बिल फोनवर. पाकीट बाळगणंच त्याने सोडलंय. रोख आता बंदच करून टाका, असं त्याचं म्हणणं, आणि घरातले निम्मे लोक त्याच्या बाजूने.

टोमणा खोटा नाही. फ्रँकफुर्टला आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत 'फक्त रोख' अशी पाटी आहे. गोखले रोडवर भाजीवालीच्या टोपलीशेजारचा डबा 'चाळीस रुपये प्राप्त झाले' असं ओरडतो तेव्हा मलाही छाती फुगल्यासारखं वाटतं. 2016 मध्ये सुरू झालेलं यूपीआय इतक्या लवकर टोपलीपर्यंत पोचलं, हे थोडंथोडकं नाही.

पण मी महिन्यातले दहाबारा दिवस फिरतीवर असतो. ठाण्याचं माझं बँक खातं भारतातल्या मोबाइल नंबरला बांधलेलं आहे. सुरुवातीला ते सिम सोबत घेऊन हिंडायचो. व्हिएन्नाच्या हॉटेलात रात्री अकराला गुडघे टेकून गालिच्यावर नखाएवढं सिम शोधणारा माणूस मीच. एकदा रोमिंगवर ओटीपी आला तो तासाभराने, तोवर मुंबईच्या तिकिटाचा भाव चढलेला. शेवटी ते सिम नौपाड्याला बाबांच्या जुन्या फोनमध्ये घातलं. देव्हाऱ्याखालच्या फळीवर तो फोन कायम चार्जिंगला असतो.

हिवाळ्यात मी रात्री नऊला व्यवहार करायला बसतो तेव्हा ठाण्यात दीड वाजलेला असतो. बाबा शहात्तर वर्षांचे. उठतात, चष्मा शोधतात, फोन लांब धरून वाचतात. "चार... सात... थांब रे, अंधार झाला याच्यावर... हां, आता शून्य की आठ?" मुदत संपते. मी पुन्हा मागवतो. संदेशाच्या शेवटी लिहिलेलं असतं की हा क्रमांक कोणालाही सांगू नका. बाबा तेही इमानदारीने वाचून दाखवतात.

परदेशी नंबरावर यूपीआय चालू द्यायचं जानेवारी 2023 मध्ये ठरलं, तेव्हा दहा देशांची यादी निघाली. सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, आखातातले काही देश त्यात होते, जर्मनी नव्हता. म्हणजे दुबईच्या मावसभावाचं भागलं, माझं राहिलं. ठाणे स्टेशनला रिक्षातून उतरताना माझ्याकडे पाचशेची नोट आणि रिक्षावाल्याकडे सुटे नाहीत, कारण दिवसभर सगळे स्कॅनच करतात.

जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. इथल्या माझ्या बँकेच्या व्यवहाराला होकार ॲपमध्येच देता येतो, सिम कुठलंही असो, वायफाय पुरतं. 2017 पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही, त्यामुळे सरहद्द कधी ओलांडली ते फोनवरून कळतही नाही. पण फोन हरवला की नव्याने ॲप सुरू करायचा कोड येतो पोस्टाने, घरच्या पत्त्यावर! आणि मी मिलानला.

जून 2024 मध्ये जर्मन रेल्वेने सवलतीचं बानकार्ड प्लास्टिकमध्ये देणं थांबवून फोनवर आणलं. ज्येष्ठांच्या आणि ग्राहकांच्या संघटना 'डिजिटल सक्ती' म्हणून भांडल्या, आणि कागदावर छापून घ्यायची सोय ठेवावी लागली. तेव्हा मी हसलो होतो, अगदी चुलतभावासारखाच. आता वाटतं की त्या आजीआजोबांनी भांडून माझीच सोय केली. बॅटरी चार टक्क्यांवर आलेला फिरतीचा माणूस आणि ॲप न जमणारे आजोबा तिकीट तपासनीसासमोर सारखेच केविलवाणे दिसतात. म्हणून फोन हवाच, पण रोखीचं किंवा कागदाचं दुसरं दार बंद करू नये, एवढंच चुलतभावाला माझं उत्तर.

सप्टेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे नियम काढले, 1 एप्रिल 2026 पासून लागू. दोन टप्प्यांची पडताळणी कायम, पण त्यात एसएमएसचा ओटीपीच हवा असं नाही. माझ्या बँकेने मला अजून काही कळवलेलं नाही. तोवर नौपाड्यातल्या त्या सिमचं रिचार्ज मी दर महिन्याला फ्रँकफुर्टहून करतो. त्यालाही ओटीपी लागतो.