पांढऱ्या पेशी मरत नाहीत, कामावर जातात

गेल्या महिन्याभरात एक संदेश पारोळ्यापासून रावेरपर्यंतच्या बहुतेक व्हॉट्सॲप गटांवर फिरून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: वजने उचलण्याच्या व्यायामानंतर रक्तातील पांढऱ्या पेशी निम्म्या होतात आणि काही तास शरीर जंतूंसमोर उघडे पडते, कोविडमध्ये आयएल-६ नावाचे दाहाशी संबंधित जे रसायन वाढत होते तेच या व्यायामाने वाढते, स्नायू फाटून आलेली सूज साठत जाते आणि तिचा संधिवात होतो, पन्नाशीनंतर वजनाला हात लावू नये, चालणे पुरे, आणि शेतात राबणाऱ्याला तर याची गरजच नाही. एरवी मी तो वाचून सोडून दिला असता. परंतु माझ्या पारोळ्याच्या काकांनी, ज्यांना मधुमेह आहे आणि ज्यांना फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून उठबस आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन उचलणे असे दोनच साधे व्यायाम दिले होते, त्यांनी तो वाचून कॅन मोरीत ठेवून दिला. विचारले तर म्हणाले, ‘आते काय वजन उचलानं वय शे का मन्हं?’

पहिला मुद्दा सर्वांत चतुर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. दमवणाऱ्या व्यायामानंतरच्या एक-दोन तासांत रक्तातील लिम्फोसाइट नावाच्या पेशींची संख्या व्यायामापूर्वीच्या पातळीच्याही खाली जाते, हे खरे आहे. मात्र लिम्फोसाइट म्हणजे सगळ्या पांढऱ्या पेशी नव्हेत. त्याच तासांत न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, त्यामुळे एकूण संख्या पाहिली तर ती बहुधा वाढलेलीच दिसते. म्हणजे ‘पांढऱ्या पेशी निम्म्या’ हे विधान मोजणीच्या पातळीवरच चुकते.

मग लिम्फोसाइट जातात कुठे? दुपारी सावद्याच्या रस्त्यावर केळीचा एकही ट्रक दिसला नाही, तर रावेर-यावलची केळी संपली असा निष्कर्ष कोणी काढत नाही. माल पुढे गेला, एवढेच आपण समजतो. रक्त हा असाच रस्ता आहे. शरीरातील एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात त्या जेमतेम दोन-तीन टक्के. बाकीच्या लसिकाग्रंथी, प्लीहा, आतडे, अस्थिमज्जा अशा ठिकाणी मुक्कामाला असतात. व्यायाम सुरू होताच ॲड्रिनॅलिनमुळे त्या मोठ्या संख्येने रक्तात उतरतात आणि व्यायाम थांबल्यावर रक्त सोडतात. उंदरांमध्ये अशा पेशींवर खूण करून त्यांचा माग काढला गेला, तेव्हा त्या फुप्फुसे, आतडे आणि अस्थिमज्जेत जाताना आढळल्या. म्हणजे जंतूंशी गाठ पडण्याची शक्यता जिथे जास्त, तिथे त्यांची गस्त वाढलेली होती. माणसाच्या रक्तातील आकडा साधारण दिवसभरात पूर्वपदावर येतो. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या कॅम्पबेल आणि टर्नर यांनी २०१८ मध्ये या विषयावरचे पुरावे तपासून, व्यायामानंतर प्रतिकारशक्ती ‘उघडी पडते’ ही कल्पना टिकत नाही, असेच मांडले.

ती कल्पना आली कुठून, हेही सांगायला हवे. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी, तर तयारी करूनही न धावलेल्यांपैकी २.२ टक्के लोकांनी आजारी पडल्याचे सांगितले. हे आकडे खोटे नाहीत; पण ते लोकांनी स्वतः कळवलेल्या लक्षणांचे होते, कोणाच्या घशातील जंतू तपासून काढलेले नव्हते. गर्दी, प्रवास आणि अपुरी झोप यांचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. शिवाय ते ४२ किलोमीटर धावण्याविषयीचे होते. बारा वेळा खुर्चीवरून उठण्याशी त्याचा संबंध जोडणारे धाडस संदेश लिहिणाऱ्याचेच.

आयएल-६ चा मुद्दा लोकांना विशेष घाबरवतो, आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. २०२१ च्या त्या एप्रिलमध्ये हा तपासणी-अहवाल हातात घेऊन किती घरे धावली, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. पण आयएल-६ हा निरोप आहे, आणि निरोपाचा अर्थ तो कोण, कधी आणि कशासोबत पाठवतो यावर ठरतो. गंभीर कोविडमध्ये तो दाह भडकवणाऱ्या इतर रसायनांच्या लोंढ्यात दिवसेंदिवस चढा राहत असे. आकुंचन पावणारा स्नायू तो थोड्या वेळापुरता सोडतो, आणि त्याच्या मागोमाग आयएल-१० सारखी दाह शमवणारी रसायने वाढतात. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी स्नायूंनी सोडलेल्या अशा निरोप्यांसाठी ‘मायोकाइन’ हा शब्द रूढ केला. दीर्घ धावण्यात ही वाढ शंभर पटींपर्यंत जाऊ शकते. वजनांच्या नेहमीच्या व्यायामात ती त्या मानाने फारच थोडी असते आणि काही तासांत उतरते.

स्नायू ‘फाटण्याविषयी’. नवीन व्यायामाने स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते, हे मान्य. मग काही तासांत न्यूट्रोफिल येतात, त्यांच्यामागून मॅक्रोफेज येऊन मोडतोड साफ करतात, आणि हेच मॅक्रोफेज पुढे आपला स्वभाव पालटून दुरुस्तीला हातभार लावतात. तंतूच्या कडेला झोपलेल्या उपग्रह पेशी, ज्या १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांनी सूक्ष्मदर्शकात दाखवल्या, त्या जाग्या होऊन तंतूला जोड देतात. म्हणजे ज्याला संदेश सूज म्हणून बदनाम करतो, ते प्रतिकारशक्तीचेच रोजचे काम आहे. ही सूज साठत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका ओसरतो आणि तोच व्यायाम पुन्हा केल्यास कमी होतो, याचा अनुभव तालमीत पहिल्यांदा बैठका मारलेल्या प्रत्येकाला आहे. संधिवाताचे म्हणाल, तर गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणे हा उपचाराचाच भाग आहे.

वयाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. व्यायाम शेवटपर्यंत पूर्ण केलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे, तो चालण्याच्या जोडीला, चालण्याऐवजी नव्हे.

शेतकऱ्याला गरज नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते, कारण ते आपल्याला गोड वाटते. केळीच्या बागेत खांद्यावर गादी टाकून वीस-पंचवीस किलोचा घड ट्रकपर्यंत नेणारा मजूर बलवान असतोच. पण तेच वजन, त्याच खांद्यावर, दिवसभर आणि विश्रांतीविना असते. व्यायामात मात्र वजन हळूहळू वाढवायचे असते आणि मधले दिवस सावरण्यासाठी सोडायचे असतात. कापूस वेचण्यात तर कंबर दिवसभर वाकते आणि मांड्यांवर फारसा भार येत नाही. काकांनी चाळीस वर्षे कापूस केला, तरी आता खाटेवरून उठताना दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागतो. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, त्यामुळे मधुमेह असलेल्या माणसाने मांड्या खंगू देणे परवडणारे नाही.

आता समोरच्या बाजूचेही ऐकवतो, कारण काही जिमवाले उलट टोकाला जाऊन ‘वजन उचला, सर्दी होणार नाही’ असे फलक लावतात. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात व्यायामाने श्वसनसंसर्गांची संख्या कमी झाल्याचे दिसले नाही; लक्षणांची तीव्रता आणि आजाराचे दिवस कमी होत असावेत, एवढेच दिसले, आणि त्यातील बहुतेक चाचण्या वजनांच्या नव्हेत, तर चालण्यासारख्या व्यायामांच्या होत्या. ताप असताना वजन उचलू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असताना पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी व्यायाम करणे हा वेडेपणा आहे. पहिल्याच दिवशी शेकड्याने बैठका मारल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर दुखण्याचे कौतुक न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायू मोठ्या प्रमाणावर मोडून मूत्रपिंडांवर भार आल्याची ती खूण असते. रक्तदाब असणाऱ्याने श्वास कोंडून जोर लावू नये.

काकांना मी हे सगळे सांगितले नाही. पेशी मरत नाहीत, कामावर जातात, एवढेच सांगितले. कॅन सध्या मोरीतून बाहेर आला आहे. त्यात तीन लिटर पाणी आहे आणि बाहेरून मार्करने मारलेली एक रेघ, जी ते दर पंधरा दिवसांनी बोटभर वर सरकवतात.