काकूंची बॅग का राहिली

आज सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर जे चाललंय, ते वाचून पोह्यांवरची शेवसुद्धा कडू लागली. विषय आमच्या मजल्यावरच्या काकूंचा. लेक-जावई लक्षद्वीपला, अगत्तीला असतात. काकू भेटायला निघाल्या, बॅगेत दोन किलो लसणाची शेव, भाजणी आणि नातवाचे कपडे. काकू पोहोचल्या, बॅग मुख्य भूमीवरच राहिली. "पुढच्या फेरीने येईल," एवढंच उत्तर. झालं! 'पंखेवालं विमान, अजून काय होणार', 'टेम्पो आहेत टेम्पो', 'भिया, असल्या छोट्या विमान कंपन्या बंदच करा'.

बंद करा? मग अगत्तीला जायचं कसं, कोचीहून रात्रभर जहाजाने?

आधी बॅग का राहते ते बघा. आपल्या इंदूरची धावपट्टी पावणेतीन किलोमीटर लांब. अगत्तीची जेमतेम १२०० मीटर, दोन्ही टोकांना समुद्र. तिथे जाणारं ते पंखेवालं विमान म्हणजे एटीआर ७२-६००, पूर्ण भरलं की २३ टन. समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात त्याला उड्डाणासाठी १३०० मीटरच्या आसपास लागतात. बेटावर १५ अंश कधी असतात? तापमान तिशीच्या वर गेलं की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद उतरते, अंतर वाढतं. म्हणजे तिथून पूर्ण भरून उठायचा प्रश्नच नाही.

आता जातानाचा हिशेब. लक्षद्वीपमध्ये विमान उतरेल अशी दुसरी धावपट्टी नाही. अगत्तीवर ढग बसले तर परत मुख्य भूमीवर यायचं, म्हणजे परतीचं इंधनही टाकीत घेऊनच निघायचं. एटीआर तासाला साधारण ६५० ते ७५० किलो जाळतं. परतीचा सव्वा तास आणि वर घिरट्या घालायचा अर्धा तास धरला, तर अकराशे-तेराशे किलो नुसते 'वेळ आली तर' म्हणून पोटात. नियमात एक प्रवासी ७५ किलोंचा. करा भागाकार, १५ ते १७ माणसांचं वजन झालं. त्यात सकाळी बेटावर पाऊस पडून धावपट्टी ओली झाली, तर उतरायच्या अंतरात आणखी १५ टक्के धरावे लागतात. धावपट्टी वाढवता येत नाही, म्हणून वजन कमी करायचं. इंधनाला हात लावता येत नाही. मग माणूस उतरवायचा की बॅग? काकूंना विचारा.

आणि ग्रुपवर ते 'एअर होस्टेसने उगाच मागून पुढे बसवलं' म्हणून जे लिहिलंय ना, तेही उगाच नसतं. एटीआरमध्ये माणसं मागच्या दाराने चढतात, सामानाचा एक कप्पा पुढे, कॉकपिटच्या मागे. तिथल्या बॅगा काढल्या की विमान शेपटीकडे जड होतं, मग दोन-चार प्रवासी पुढे सरकवायचे. हे वजन आणि तोल जुळवणारा कर्मचारी तिकडे कागदावर आकडे जुळवत असतो आणि आपण इकडे हसण्याच्या इमोजी टाकतो.

हो, काउंटरवर आधी सांगायला हवं होतं. 'बॅग राहू शकते, औषधं जवळ ठेवा,' एवढं एक वाक्य. ते सांगितलं नाही ही चूकच. कंपनीचं नाव मी घेत नाही, गरजही नाही.

पण बंद करा म्हणणाऱ्यांनी जळगाव आठवावं. आपल्यातल्या अर्ध्या लोकांची सोयरीक खानदेशात आहे. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १९ आसनी विमान मुंबई-जळगाव सुरू झालं, थांबलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, २०२२ मध्ये तिनेच गाशा गुंडाळला. २०२४ मध्ये फ्लाय९१ आली, जळगाव, सिंधुदुर्ग, आणि हो, अगत्तीसुद्धा. मोठ्या कंपन्यांकडे बहुतेक १८० आसनी विमानं. ती अगत्तीला उतरू शकत नाहीत आणि जळगावला भरू शकत नाहीत. हे लहानगे आले नाहीत तर फारसं कोणी येत नाही. आपल्या इंदूरहूनही २०२१ च्या जानेवारीत फ्लायबिगचं एटीआर अहमदाबादला उडायला लागलं होतं. पुढे कंपनीचं लक्ष ईशान्येकडे गेलं. तेव्हा ग्रुपवर कोणाला हळहळ वाटली?

लहान कंपनी मरते कशी तेही सांगतो. विमानं दोन-तीन. समुद्राकाठच्या फेऱ्यांत इंजिनात मीठ जातं, कॉम्प्रेसर (इंजिनातला हवा दाबणारा भाग) शुद्ध पाण्याने वरचेवर धुवावा लागतो, चाकांच्या सांगाड्याला गंज. एक टायर किंवा इंजिन सुरू करणारा स्टार्टर-जनरेटर बेटावर बिघडला, की सुटा भाग आणि दोन मेकॅनिक आणायला दुसरं विमान हवं. ते तर दुसऱ्या गावी प्रवासी भरून उभं असतं. एका बिघाडात दिवसाच्या चार-सहा फेऱ्या रद्द, परतावे सुरू, वर आपल्या शिव्या. राखीव विमान ठेवलं तर त्याचं भाडं उभ्याउभ्या चढतं.

मला खरा राग लहान गावं विमानाने जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेच्या मांडणीवर येतो. निम्म्या जागा ठरावीक भाड्यात (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये), बदल्यात सरकार तूट भरून देणार, तीही तीन वर्षं. मग कॅगने २०२३ मध्ये जे मांडलं त्यात नवल काय? ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि त्यानंतर टिकले फक्त ५४. शहराला तीन वर्षांत प्रवासी मिळतीलही कदाचित. पण बेट तीन वर्षांत किनाऱ्याजवळ सरकतं का हो?

काही कंपन्यांनी मार्ग अडवून ठेवले, विमानं आणलीच नाहीत, हेही खरं. मान्य.

बाहेर काय करतात? स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. छोटं आयलंडर विमान. ही फेरी १९६७ पासून चालू आहे, सरकारी पैशावर, आणि तिला टेम्पो म्हणत नाहीत. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली एअर न्यूझीलंडने कैटाया, फाकाताने, वेस्टपोर्ट सोडलं, तेव्हा तिथे लहान कंपन्याच धावून आल्या. फाकातानेला आली एअर चॅथम्स, मुळात चॅथम बेटांची. पण तिलाही वेलिंग्टनजवळच्या कापिटीची सेवा २०२४ च्या डिसेंबरात खर्चापायी सोडावी लागली. म्हणजे तिकडेही मदत नसेल तर तेच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. काकूंचा आत्ता मेसेज आला, नातू शेवेची वाट बघतोय, बाकी मजेत. त्यांची तक्रार ग्रुपवर कुठेच नाही, तक्रार बाकी सगळ्यांची.

दिवाळीत अगत्तीला निघणाऱ्यांसाठी : औषधं, चार्जर, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. तिकिटावरची वजनाची मर्यादा घरीच काट्यावर बघा, जादा वजनाचे पैसे भरले तरी जादा बॅग त्याच विमानात येईल असं नाही. परतताना पुढचं विमान त्याच दिवसाचं काढू नका, मध्ये एक रात्र ठेवा. आणि शेव बॅगेत नाही, पिशवीत.