कुत्रा दाखवायचा कसा?

"'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही भयकथा नाहीच मुळी," नंदूने आल्या आल्या जाहीर केलं. "सरळ सरळ इस्टेटीचं भांडण आहे. चुलत भावाला वाडा आणि पैसा हवाय, मधे दोन वारस आडवे येतायत, म्हणून तो घराण्याच्या जुन्या दंतकथेतल्या राक्षसी कुत्र्यासारखा कुत्रा पाळतो. सिनेमावाल्यांनी त्यात धुकं सोडलं आणि भुताटकी करून टाकली."

निमित्त मिलिंदचं. जुने रहस्यपट हा त्याचा जीव की प्राण, आणि या एका कादंबरीवरचे तीन चित्रपट त्याने आम्हा सगळ्यांना मागे लागून बघायला लावले होते: १९३९ चा हॉलिवूडचा, १९५९ चा इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा आणि १९६२ चा आपला 'बीस साल बाद'. त्यामुळे कट्ट्यावर प्रत्येकजण तयारीनिशी आला होता. बापूसरसुद्धा. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झालेत आणि एरवी आमच्या सिनेमाच्या गप्पांत फारसे पडत नाहीत.

नंदूचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. भीती सिनेमावाल्यांनी बाहेरून आणलेली नाही, ती मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयलने स्वतः पेरली आहे. कादंबरी 'स्ट्रँड' मासिकात ऑगस्ट १९०१ पासून एप्रिल १९०२ पर्यंत क्रमशः आली. आपला गुप्तहेर शेरलॉक होम्स याला डॉयलने १८९३ मध्येच धबधब्यात संपवून टाकलं होतं. वाचक इतकी वर्षं हळहळत होते, आणि त्यांना होम्स परत देताना हा माणूस करतो काय? होम्सच्या मृत्यूआधीची गोष्ट म्हणून कथा सांगतो आणि सहाव्या प्रकरणात, स्टेशनवर निरोप द्यायला लावून, त्याला गायब करतो! तो पुन्हा भेटतो थेट अकराव्या प्रकरणाच्या शेवटी. मधला सगळा काळ इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या ओसाड माळावर आपण होम्सचा मित्र डॉ. वॉटसन याच्या भरवशावर. ज्याच्या बुद्धीवर आपली भिस्त, तोच जवळ नाही. वाचकाला घाबरवायचं नसतं तर डॉयलने असं कशाला केलं असतं?

"बरं, बुटाचं काय मग?" नंदू म्हणाला. तो हे काढणार याची मला खात्रीच होती, आणि मुद्दा खरोखर बिनतोड आहे. वाड्याचा नवा वारस सर हेन्री, त्याचा हॉटेलातून आधी एक नवा, पायातही न घातलेला बूट जातो. मग जुना, वापरलेला बूट जातो आणि तो नवा परत सापडतो. नव्या बुटाला माणसाचा वास नसतो. म्हणजे कुणाला तरी वास हवाय, आणि वास खऱ्या कुत्र्यालाच लागतो. "भुताला कशाला लागेल बूट?" नंदू म्हणाला. "होम्सला लंडनमध्येच कळलेलं असतं की हे जनावर हाडामांसाचं आहे. आणि ते आणलं कुठून, तर फुलहॅम रोडवरच्या दुकानातून, पैसे मोजून! याला तू भयकथा म्हणतोस?"

म्हणतो. कारण हे सगळं वाचलेलं असूनही चौदाव्या प्रकरणात धुक्यातून तो कुत्रा बाहेर येतो तेव्हा अंगावर काटा येतोच. तोंडातून, डोळ्यांतून ज्वाळा निघतायत असं ते जनावर. होम्स पाच गोळ्या घालून त्याला आडवं करतो. मग वॉटसन वाकून त्या पेटल्यासारख्या दिसणाऱ्या जबड्याला हात लावतो, हात वर करतो, तर अंधारात त्याची स्वतःची बोटंच चमकायला लागतात. "फॉस्फरस," तो म्हणतो. एका शब्दात उलगडा झाला, पण ती बोटं अजून चमकतायतच. कारण कळलं म्हणून भीती लगेच उतरत नाही, हे डॉयलला पक्कं ठाऊक होतं. माझ्या मते अख्ख्या कादंबरीचा जीव त्या चार ओळींत आहे.

"पण पांढरा फॉस्फरस तोंडाला फासला तर आधी कुत्राच मरेल," बापूसर पहिल्यांदा बोलले. "अरे, त्याच काळात इंग्लंडमधल्या काडेपेटीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचे जबडे सडत होते त्या फॉस्फरसने. नुसत्या वाफेने, रोज थोडा थोडा श्वासात जाऊन. आणि हा गडी ते जनावराच्या तोंडाला लावतो!"

"सर, होम्स म्हणतो ना, काहीतरी खास मिश्रण केलं होतं, त्याला वासही नव्हता," नंदू.

"ते डॉयलने आपल्या सोयीने म्हटलंय. स्वतः डॉक्टर होता तो, त्याला हे माहीत नसेल होय?"

यावर दोघांची चांगलीच जुंपली. ती मी इथे देत नाही, कारण खरा वाद पुढेच होता आणि तो अस्मिताने काढला. ती म्हणाली, "पुस्तकात चौदाव्या प्रकरणापर्यंत कुत्रा कोणाला धड दिसत नाही. फक्त ठसे आणि दुरून येणारं केकाटणं. बाकीचं आपलं आपण मनात रचतो. सिनेमात कधी ना कधी तो समोर आणावाच लागतो, आणि समोर आणला की तो कुत्राच असतो. शेपटी असलेला. तर मग दाखवायचा कसा, हा प्रश्न तिघांनी कसा सोडवला ते बोला."

मिलिंद १९३९ च्या बाजूने. दिग्दर्शक सिडनी लॅनफिल्ड, होम्स बेसिल रॅथबोन, वॉटसन नायजेल ब्रूस. (श्रेयनामावलीत पहिलं नाव मात्र सर हेन्री झालेल्या रिचर्ड ग्रीनचं. स्टुडिओला तेव्हा रॅथबोनची किंमत कळली नव्हती.) सगळा माळ स्टुडिओत उभारलेला, खडक, दलदल, सोडलेलं धुकं, आणि पार्श्वसंगीत फार कमी. ती शांतताच अंगावर येते. कुत्रा ग्रेट डेन जातीचा, आणि त्याला चमकवण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. सर हेन्रीवर तो झेप घेतो ते दृश्य मात्र लांबवलंय. माणूस खाली, कुत्रा वर, आणि आपल्याला वाटतं आता पुरे, कोणीतरी सोडवा त्याला.

मिलिंदला त्याहून आवडतं ते मूळ पुस्तकात नसलेलं एक दृश्य. डॉ. मॉर्टिमरची बायको मृतात्म्यांशी बोलते. दिवे मंद केलेत, सगळे टेबलाभोवती बसलेत, ती वाड्याचा आधीचा मालक सर चार्ल्स याच्या आत्म्याला विचारते की त्या रात्री माळावर काय झालं, आणि उत्तर म्हणून बाहेरून येतो कुत्र्याचा आवाज. "हे डॉयलला सुचायला हवं होतं," मिलिंद म्हणाला. इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूने. चित्रपटात भीती आवाजात असते, चित्रात कमी, हे त्या लोकांनी ओळखलं होतं.

अस्मिता हॅमरवाली. टेरेन्स फिशर दिग्दर्शक, होम्सच्या भूमिकेत पीटर कुशिंग, सर हेन्री म्हणून ख्रिस्तोफर ली. याच तिघांचा 'ड्रॅक्युला' आदल्याच वर्षी येऊन गाजला होता. होम्सचा हा पहिला रंगीत चित्रपट. त्यात सर हेन्रीच्या बुटातून भलामोठा कोळी निघतो आणि हळूहळू त्याच्या खांद्यावर चढतो. पुस्तकात याचा मागमूस नाही, पण बघताना श्वास अडकतो. कुत्रा मात्र फसलाय, हे तिनेही मान्य केलं. मुखवटा घातलेला बिचारा कुत्रा, आणि तो मुखवटा कळतो.

"पण ती मुलगी बघितलीत का? सेसिल?" ती म्हणाली. "डॉयलकडे स्टेपलटनची, म्हणजे त्या चुलत भावाची, बायको असते, नवऱ्याच्या धाकाखाली दबलेली. हॅमरने बायकोच्या जागी त्याला मुलगी दिली, आणि ती सर हेन्रीला गळाला लावते. शेवटी त्याला तोंडावर सांगते की मीही बास्करव्हिल आहे, आम्ही दारिद्र्यात मेलो आणि तुम्ही इथे राज्य केलंत. तिथे कुत्र्याची गरजच संपते. भीती तिच्या डोळ्यांत आहे."

बापूसर इतका वेळ थांबले होते. "तुम्ही लोक उगाच लांब जाता. 'बीस साल बाद' वाल्यांनी कुत्राच काढून टाकला. संपला प्रश्न."

खरंच संपवलाय. बीरेन नाग दिग्दर्शक, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार. त्याआधी १९५१ मध्ये अजय कर यांनी याच कादंबरीवरून बंगालीत 'जिघांसा' काढला, त्याचंही संगीत हेमंतदांचंच. म्हणजे हा माळ त्यांच्या डोक्यात दहा वर्षं घोळत असणार. हिंदीत त्यांनी काय केलं, तर कुत्र्याच्या आवाजाच्या जागी बाईचं गाणं ठेवलं. रात्र, दलदल, आणि कुठून तरी लताबाईंचा आवाज, 'कहीं दीप जले कहीं दिल'. गाणारी दिसत नाही. आवाजाच्या मागे जाणारा परत येईल की नाही याची खात्री नाही. वर्षातला सगळ्यात चाललेला चित्रपट ठरला तो. लताबाईंना आणि गीतकार शकील बदायुनींना त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. भुताचं गाणं ही आपल्या सिनेमात पुढे कितीदा वापरून गुळगुळीत झालेली युक्ती, पण इथे ती नुसती युक्ती नाही. मूळ कथेतला जो सगळ्यात भीतीदायक धागा, दुरून येणारा आवाज, तो त्यांनी नेमका उचलला आणि शेपटीवाली अडचण सोडून दिली.

"आणि होम्स?" नंदू उसळला. "होम्स कुठाय त्यात? गोपीचंद जासूस? असित सेन मला आवडतो, पण रहस्यकथेतला गुप्तहेर तुम्ही विनोदासाठी ठेवलात तर उरलं काय?"

याचं उत्तर बापूसरांकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. कुत्रा काढल्यावर त्या जबड्याला हात लावून बघणारा माणूसही निघून गेला. खुनी कोण ते शेवटी कळतं, पण ते आपल्याला सांगितलं जातं, कोणी शोधून काढत नाही. रहस्यपट म्हणून हे नुकसान मोठं आहे, गाणं कितीही गोड असो.

मग अस्मिताने त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा मुद्दा काढला. डॉयलच्या कथेत जुनी दंतकथा अशी की बास्करव्हिलांचा पूर्वज सर ह्यूगो याने एका शेतकऱ्याची मुलगी पळवली, वाड्यात वर कोंडली. ती वेलीला धरून उतरून पळाली, याने तिच्यामागे शिकारी कुत्रे सोडले, आणि भीतीने, दमणुकीने ती माळावर मेली. मग त्या राक्षसी कुत्र्याने ह्यूगोचा गळा फोडला. "पुढे अख्ख्या कादंबरीत सगळ्यांना काळजी ह्यूगोच्या वंशाची," ती म्हणाली. "त्या मुलीला डॉयलने नावसुद्धा दिलं नाही. तिचा बाप, तिचे भाऊ, पुढे काय झालं त्यांचं? कोणी विचारत नाही. 'बीस साल बाद' मध्ये खुनी कोण निघतो आठवा."

निघतो तो मुलीचा बाप. ठाकूरने जिची अब्रू घेतली आणि जिने जीव दिला, तिचा बाप. मनमोहन कृष्णांनी केलेलं ते काम. डॉयलने जो माणूस दंतकथेत टाकून दिला त्याला या चित्रपटाने उचलून गोष्टीच्या मध्यभागी आणलं, आणि नंदूचं इस्टेटीचं भांडण तिथे राहतच नाही. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागलं नाही. ठाकूर, वाडा आणि गावातली मुलगी म्हटल्यावर त्याला पुढचं दिसत होतं.

नंदू जरा वेळ गप्प होता. "हे मान्य," तो म्हणाला. "पण मग वॉटसनचं बोला. मधली सहा प्रकरणं त्याच्या खांद्यावर आहेत. तोच बावळट निघाला तर भीती वाटेल कोणाला?"

"ब्रूस या पहिल्या चित्रपटात बावळट नाहीये, ते नंतर झालं," मिलिंद लगेच.

"हॅमरचा आंद्रे मॉरेल बघ," अस्मिता म्हणाली. "शांत, शहाणा, फौजेतून आलेला डॉक्टर. असा माणूस माळाकडे बघून दचकतो तेव्हा आपण दचकतो."

इथे मात्र नंदूने तिच्या बाजूने हात वर केला. मिलिंद एकटा पडला, तरी ब्रूसला सोडायला तयार नव्हता. म्हणाला, ते केकाटणं आणि कोळी राहू दे, आवाज बंद करून दोन्ही वॉटसनचे नुसते चेहरे बघा आणि मग सांगा. बापूसर म्हणाले, आवाज बंद केला तर तुझं ते टेबलाभोवतीचं दृश्य कसं बघणार रे?